सव्वा महिन्याचा हात

पारोळ्यात किल्ल्याच्या मागच्या गल्ल्यांतून जी पोरं आज दप्तरं घेऊन शाळेत जातात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी जगात आल्यावर पहिलं पाणी कुंदाबाईच्या पायांवर झोपून अंगावर घेतलेलं आहे. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हे तिचं काम. सकाळी ती घरातून निघते तेव्हा तिच्या हातात काही नसतं. तेल त्या घरचं, पाणी त्या घरचं, बसायचा पाट त्या घरचा. पाटावर बसून ती पाय पुढे पसरते, दोन्ही नडग्या एकमेकींना लावते, आणि मध्ये जी उथळ घळ तयार होते तिच्यात उघडं बाळ ठेवते. एवढंच तिचं दुकान.

पण ही गोष्ट तिच्या मुलीची, प्रज्ञाची.

प्रज्ञाचा नंबर धुळ्याच्या एका नर्सिंग कॉलेजात लागला तेव्हा तिचे वडील अमृत बाजार समितीत मक्याची पोती चढवत होते. फोनवर त्यांनी विचारलं, "ड्यूटी दिवसाची राहील का रातची?" जणू ती उद्यापासूनच कामावर जाणार होती. प्रज्ञा हसली. मग तिच्या लक्षात आलं की आपणही काही वेगळं करत नाही. कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता, पण मनात ती तिथं कधीच राहायला गेली होती.

मनातलं कॉलेज तिनं थोडं थोडं करून बांधलं होतं. लांब खोली, मोठ्या खिडक्या, पांढऱ्या चादरींचे पलंग. आणि कोपरानं उघडायचा नळ. हा नळ तिला मोनालीनं सांगितला होता. मोनाली त्यांच्याच गल्लीतली, त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. हात धुतल्यावर नळाला पुन्हा बोट लावायचं नाही, कोपरानं दांडी ढकलायची. प्रज्ञाच्या घरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि तेव्हा सगळी गल्ली हंडे घेऊन धावते. कोपरानं नळ बंद करणारी बाई तिला फार शांत बाई वाटली. आपण तशी बाई व्हायचं, असं तिनं ठरवलं.

आणखी एक ठरवलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. चार वर्षं झाली की प्रसूतीच्या खोलीत काम मागायचं. आईबरोबर सुट्ट्यांत तेलाची वाटी धरत ती घरोघर हिंडली होती. बाळांची पाठ, मान, टाळूची धडधड तिला ठाऊक होती. पण कुंदाबाईकडे बाळ यायचं ते पुसून, गुंडाळून, नाव नसलेलं का होईना पण घरचं झालेलं. त्याच्या आधीचा जो क्षण, ज्यात ते अजून कुणाचंच नसतं, तो आईनंही कधी पाहिला नव्हता. प्रज्ञाला तो पाहायचा होता.

एकदा तिनं मोनालीला फोनवर विचारलं, "तिथं बाळ खरं असतं का गं?"

"पहिल्या वर्षाला खरं कोण देतंय? रबराचं आहे. एक हात निखळतो त्याचा. आम्ही त्याला बंडू म्हणतो."

"रडतं?"

"तो नाही रडत. आपण रडतो, प्रॅक्टिकलला."

"त्याला अंघोळ पायांवर घालायची?"

"येडी शे का? टेबलावर. आणि ऐक, चपला चांगल्या घे. बाकी काही नाही घेतलं तरी चालेल. दिवसभर उभं राहावं लागतं, संध्याकाळी पाय भाकरीसारखे फुगतात."

पोळा होऊन गेला आणि कुंदाबाईचा हात मोडला. यशोदाबाईंच्या न्हाणीत. या यशोदाबाई म्हणजे भांड्यांच्या दुकानवाल्यांच्या घरच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. त्यांची लेक सुलक्षणा पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आली होती. मुलगा झाला होता. बाळाला न्हाऊ घालून, आत देऊन कुंदाबाई उठली, आणि तेलकट फरशीवर तिची टाच सरकली. बाळ हातात नव्हतं हे नशीब, असं त्या घरात सगळे म्हणाले. कुंदाबाईही तेच म्हणाली. मनगटाला प्लास्टर घालून घरी येताना रिक्षात ती दुसरं काही बोललीच नाही.

खरी अडचण पुढे होती. त्या भागातली रीत अशी की ज्या हातानं बाळाला पहिली अंघोळ घातली, त्याच हातानं सव्वा महिना घालायची. मध्ये हात बदलायचा नाही. बदलला तर बाळ किरकिरं होतं, अंग धरत नाही, असं म्हणतात. सव्वा महिना झाला की न्हाऊ घालणाऱ्या बाईची ओटी भरतात, साडी देतात, आणि बाळ एकदा शेवटचं तिच्या मांडीवर ठेवतात. हात बदलायचीच वेळ आली तर जी नवीन बाई येते तिचं नाव पुढच्या सगळ्या घरांत जातं. जुनीला मग कुणी बोलवत नाही. पलीकडच्या आळीतली लताबाई हेच काम करायची. हात मोडल्याची बातमी तिला त्याच दुपारी कळली असणार.

अक्कांनी दुसऱ्या दिवशी निकाल दिला. "मायलेकींचा हात एकच. प्रज्ञाला पाठव."

अशी प्रज्ञा अक्कांच्या न्हाणीत पाटावर बसली. तेलाची वाटी धरणं वेगळं आणि पायांवर जिवंत वजन घेणं वेगळं. बाळ इतकं हलकं होतं की पायांना ते जवळजवळ कळत नव्हतं. कळत होती ती त्याची ऊब. आईचं एकच वाक्य तिच्या डोक्यात होतं, "पाणी आधी तू घे, मंग पोरले दे." तिनं तांब्या आधी स्वतःच्या गुडघ्यावर ओतला.

तेल लावलं, हातपाय दुमडले, पाठ चोळली. पण नाक ओढून सरळ केलं नाही, कानात तेल सोडलं नाही, फुंकर घातली नाही. मोनालीनं सांगितलं होतं, परीक्षेत हे लिहिलं तर मार्क जातात. बाळ थोडं कुरकुरलं आणि पाण्याच्या धारेखाली गप्प पडून राहिलं.

अक्का दारात उभ्या होत्या. "रडलं नाही गं ते."

"नाही रडलं, अक्का."

"मग अंग कसं मोकळं होईल? तुझ्या आईच्या हातात तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू जायचं."

सुलक्षणा आतून म्हणाली, "आई, रडत नाही म्हणून कुणी तक्रार करतं का?"

"तू बोलू नकोस. कानाला फडकं बांध."

काम झाल्यावर चहा आला. न्हाणीच्या बाहेर कोनाड्यात एक जाड स्टीलचा ग्लास असायचा, त्यात. आईचा चहा वर्षानुवर्षं त्याच ग्लासात येतो हे प्रज्ञाला लहानपणापासून माहीत होतं. मोठी झाल्यावर तिनं एकदा विचारलंही होतं. कुंदाबाई म्हणाली होती, "मालेच तो गिलास बरा वाटस. जाड शे, चटका लागत नही." प्रज्ञाला आजवर कळलेलं नाही की आईनं ते खरं सांगितलं की उत्तर दिलं.

दिवस असे चालले. सकाळी बाळ, दुपारी आईला जेवू घालणं, संध्याकाळी मोनालीकडून आणलेली जुनी पुस्तकं चाळणं. शरीराच्या चित्रांत कातडी नव्हती. तांबड्या-निळ्या नळ्यांचा माणूस हात पसरून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कशाचीच अपेक्षा नव्हती. प्रज्ञा त्याच्याकडे बराच वेळ बघत राही. सकाळी आपल्या पायांवर असतं ते आतून असं असेल, हे तिला पटायला जड जाई.

एका सकाळी सुलक्षणा न्हाणीच्या उंबऱ्याशी येऊन बसली. अक्का दुकानात गेल्या होत्या. "मला दाखवशील का गं हे? पुण्याला माझ्याजवळ कुणी नाही. सासूबाई गुडघ्यांनी बसू शकत नाहीत. नवरा तर त्याला उचलतानाही श्वास धरून ठेवतो."

प्रज्ञा म्हणाली, "तिथं बाई मिळेल ना, ताई."

असं म्हणून तिनं विषय टाळला. सुलक्षणा शिकली तर तिच्या मैत्रिणी शिकतील, बहिणी शिकतील, मोबाइलवर व्हिडिओ काढतील. आईचं जे काम होतं ते असं एका उंबऱ्यावरून बाहेर जाईल. ते द्यायचा अधिकार आपला नाही, असं तिला वाटलं.

मग कॉलेजच्या ग्रुपवर निरोप आला. वर्ग दिवाळीनंतर सुरू होतील असं सगळे धरून चालले होते. निरोपात लिहिलं होतं, येत्या सोमवारी हजर व्हा, वसतिगृहात राहणं सक्तीचं, जो येणार नाही त्याची जागा पुढच्याला. प्रज्ञानं तो दोनदा वाचला. बाळाचा सव्वा महिना भरायला अजून आठवड्याहून जास्त दिवस होते आणि आईचं प्लास्टर निघायला त्याहून जास्त. तिनं कॉलेजात फोन करून बघितला. तिकडची बाई चांगली होती, पण तिचं उत्तर छापल्यासारखं होतं.

ज्या दिवसाची वाट पाहिली तो असा अवेळी आला. कोपरानं उघडायचा नळ, लांब खोली, सगळं तिच्याकडे चालत आलं, आणि वाटेत आईचं घर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी पाटावर बसायच्या आधी तिनं अक्का दुकानात गेल्याची खात्री केली आणि सुलक्षणाला हाक मारली. "ताई, या. बसा इथं. पाय पसरा."

"खरंच?"

"लवकर. आणि हसू नका, पाय हलतात."

तीन-चार सकाळी असं चाललं. सुलक्षणाचे पाय थरथरत. पाणी ओतताना तिचा तांब्या एकदा बाळाऐवजी प्रज्ञाच्या मांडीवर रिता झाला. पण मान ती नीट धरायची. गुरुवारी अक्का चष्मा विसरल्या म्हणून दुकानातून परत आल्या आणि त्यांनी आपल्या ओल्या बाळंतीण लेकीला न्हाणीत, पाण्यात हात घालून बसलेलं पाहिलं. सव्वा महिना बाळंतिणीनं पाण्याला हात लावायचा नाही, ही दुसरी रीत. अक्कांनी सुलक्षणाच्या कानांवरचं फडकं घट्ट केलं आणि चष्मा न घेताच गेल्या.

दुपारी त्या कुंदाबाईच्या घरी आल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. कुंदाबाई गडबडीनं उठली, एका हातानं खाटेवरची चादर सारखी करू लागली. प्रज्ञानं पाणी आणलं. अक्कांनी ग्लास हातात घेतला आणि बोलणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"कुंदा, तुझ्या पोरीनं माझ्या लेकीला पाण्यात बसवलं."

"कोमट होतं, अक्का," प्रज्ञा म्हणाली.

"तुला विचारलं का मी? अजून कॉलेजचं दार बघितलं नाही आणि डॉक्टरीण झाली."

"नर्स, अक्का."

"तेच ते." त्या कुंदाबाईकडे वळल्या. "ही सोमवारी चालली म्हणे. सुलक्षणा बोलली. मग मी काय करू? लताबाईला सांगू? हात बदलू?"

कुंदाबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. सोमवारचं माहीत नव्हतं, शिकवण्याचं माहीत नव्हतं. ती आपल्या प्लास्टरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रविवारी मी येसू, अक्का. तोवर ही शे. मंग तुम्ही ठरवा."

"प्लास्टर घेऊन?"

"बसाले तं येसू."

अक्कांनी ग्लास खाली ठेवला. भरलेलाच होता. अक्का गेल्या. बाहेर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांचा वास येत होता.

"माले काबर सांगं नही?" कुंदाबाईनं विचारलं. मला का सांगितलं नाहीस.

"तू जाऊ नको म्हणती तर? एवढंच नाही, माय. तू जा म्हणती तरी काय करणार होते मी?"

कुंदाबाईनं प्लास्टरचा हात मांडीवर सारखा केला आणि म्हणाली, "जमस का तिले?"

"पाय थरथरतस तिना."

"मान?"

"मान बरोबर धरस."

कुंदाबाईनं मान हलवली. ती हलवण्यात नाराजी नव्हती. कुणाच्या तरी कामाची चौकशी करून झाली, एवढंच होतं. मग ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि तिकडूनच बोलली. "आज तू तिले दिनं. उद्या ती दुसरीले देई. पुढलं पोर व्हई तवय माले कोन बलाई, प्रज्ञा?"

प्रज्ञानं धुळ्याचे किती बेत केले होते. पहिल्या बाकावर बसायचं, इंग्रजीची भीती घालवायची, दर रविवारी फोन करायचा, शेवटच्या वर्षी प्रसूतीची खोली मागायची. त्या सगळ्यांत आईला पुढे कोण बोलावील, हा प्रश्न कुठंच नव्हता. तिनं अक्कांचा ग्लास उचलला, पाणी दाराशी ठेवलेल्या मोगऱ्याला घातलं, आणि ग्लास धुवायला घेतला.

रविवारी सकाळी मायलेकी अक्कांकडे गेल्या. कुंदाबाईनं प्लास्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. न्हाणीच्या बाहेर तिला स्टूल दिलं. एवढ्या वर्षांत त्या न्हाणीकडे तिनं कधी बाहेरून बघितलं नव्हतं; ती अवघडून बसली. सुलक्षणा पाटावर, बाळ तिच्या पायांवर, प्रज्ञा शेजारी तांब्या घेऊन, आणि दारात अक्का, हाताची घडी घालून.

बाळ लगेच रडायला लागलं. सुलक्षणा घाबरली.

"असं नही," कुंदाबाई म्हणाली. "असं. नही, असं." तिचा चांगला हात हवेत वळत होता. पण ते सांगायला तिच्याजवळ शब्दच नव्हते. आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. हात करत होता आणि तोंड बाळाशी भलतंच काही बोलत होतं. आता हात बांधलेला, आणि तोंडाला काम आलेलं. ती प्रज्ञाकडे बघू लागली.

प्रज्ञा म्हणाली, "ताई, डावा पंजा मानेखाली. बोटं पसरा. अंगठा एका कानामागे, मधलं बोट दुसऱ्या कानामागे. माय, बरोबर?"

"बरोबर. आनि पाय ढिला कर, पोरी. पोर पायवर बठस, हाडवर नही बठत."

सुलक्षणानं पाय सैल सोडले. बाळ घळीत जरा खाली उतरलं. त्यानं एक मोठा हुंदका दिला आणि रडायचं थांबलं, जसं कुणी बोलता बोलता विसरावं तसं.

"गप्प झालं," सुलक्षणा कुजबुजली.

"झालं, पुन्हा रडायचं थांबलं," अक्का म्हणाल्या.

"त्याले रडाले कारन नही उरनं, अक्का," कुंदाबाई म्हणाली, आणि स्वतःच हसली. मग तिला सापडत गेलं. पाणी कुठून सुरू करायचं, काखेत बोट कसं घालायचं, बाळ पालथं करताना आपण श्वास सोडायचा, धरायचा नाही. ती सांगत होती आणि मधूनमधून थांबत होती, जणू आपलंच बोलणं ऐकायला. प्रज्ञा पाणी देत राहिली. आईचं हे बोलणं तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

शेवटी अक्कांनी निखाऱ्यांची शेगडी पुढे केली. "आणि धुरी? ती पण बंद का तुमच्या कॉलेजात?"

कुंदाबाईनं प्रज्ञाकडे बघितलं. प्रज्ञानं हळूच मान हलवली, नको म्हणून. कुंदाबाई अक्कांना म्हणाली, "कपडासले द्या धुरी. दुपट्याले द्या. पोरले नको. वास तं येईच ना त्याले."

अक्कांनी विचार केला आणि दुपटं शेगडीवर धरलं. ओवा तडतडला.

चहा आला तो सुलक्षणानं आणला, सगळ्यांना कपांत. कुंदाबाईनं कप बघितला. "एका हातमा चटका लागी, ताई. मना गिलास द्या." सुलक्षणा अक्कांकडे बघू लागली, अक्का कोनाड्याकडे. ग्लास आला. प्रज्ञानं आपला चहा कपातच प्यायला.

निघताना अक्का म्हणाल्या, "कुंदा, तू समोर बसलीस, म्हणजे हात तुझाच झाला. रोज येऊन बस. सव्वा महिन्याची ओटी तुझीच भरणार." आणि मग थोडं थांबून, "लताबाई काल विचारून गेली होती. मी म्हटलं, आमची बाई आहे."

पुढच्या घराचं काय, ते कुणी बोललं नाही.

सोमवारी सकाळी स्टँडवर कुंदाबाई आली होती. अमृत पेटी टपावर टाकावी की आत, यावरून कंडक्टरशी वाद घालत होते. प्रज्ञाच्या पायांत नव्या पांढऱ्या चपला होत्या. कुंदाबाई त्यांच्याकडे बघत होती.

"तठे त्या रबरना पोरले टेबलवर आंघोय घालतस म्हने?"

"हो, माय. टेबलवर."

"मंग पायस्नं काम काय?"

"उभं ऱ्हावानं."

"दिनभर?"

"दिनभर."

कुंदाबाईनं त्या चपलांवरून नजर काढली आणि स्वतःच्या पायांकडे नेली. तिनं आयुष्यभर ते जमिनीवर पसरले होते. मग तिनं प्रज्ञाच्या डोक्यावरून चांगला हात फिरवला, कपाळापासून मागे, टाळू दाबून बघावी तसा.

"जास मी. अक्काकडे पाणी तापी गयं व्हई."

आणि गाडी सुटायची वाट न बघता ती निघाली. हात गळ्यात अडकवलेला, पाऊल भरभर, किल्ल्याच्या बाजूनं. प्रज्ञानं खिडकीतून वाकून पाहिलं तेव्हा ती भाजीवाल्यांच्या गाड्यांमागे दिसेनाशी झाली होती.

गाडी हलली. बसायला जागा नव्हती. प्रज्ञानं वरचा दांडा धरला, चपला फळीवर नीट टेकवल्या आणि धुळ्यापर्यंत उभी राहिली.